बसकीची खांदेमळणी

खरात डॉक्टरांबद्दल मी सगळं चांगलंच लिहीन, अशी कुणाची समजूत असेल तर ती आधीच दूर केलेली बरी. हा माणूस अकरा वर्षं माझा शेजारी होता. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत होती, आणि त्यातली निदान नऊ वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडे उभा राहून त्यांच्यावर जळत होतो. जळत होतो हा शब्द मी विचार करून वापरला आहे. हेवा म्हटलं की ते जरा इस्त्री करून आल्यासारखं वाटतं.

डॉक्टर म्हणजे ढोरांचे डॉक्टर. कुंभार पिंपळगावच्या जनावरांच्या दवाखान्यात ते बदलून आले तेव्हा त्यांच्यापाशी एक मोटारसायकल, दोन पत्र्याच्या पेट्या आणि गळ्यात एक स्टेथोस्कोप एवढंच दिसत होतं. बेताची उंची, बारीक अंग, शर्टाच्या बाह्या कायम दंडापर्यंत सरकवलेल्या. हात मात्र त्या अंगाला न शोभणारे, लांब आणि सडपातळ. अडलेल्या गाईच्या पोटातून वासरू फिरवून काढणारे ते हात होते. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. माझ्या हातांना खडूशिवाय फारसं काही लागलेलं नाही, हे मला डॉक्टर शेजारी आल्यावरच पहिल्यांदा जाणवलं.

ते आल्यावर दोनेक वर्षांनी ती गाडी आली. उसाच्या ट्रॉलीत बसून आली. जालन्याच्या एका बियाणंवाल्या शेटजींच्या मळ्यातल्या गाई डॉक्टर बघायला जात. शेटजींच्या मुलानं हौसेनं घेतलेली दोन दारांची रेसची गाडी बियाण्यांच्या पोत्यांमागं पडून होती. मुलगा परदेशात गेला, हौस गोदामातच राहिली. शेटजी म्हणाले, जागा अडवून बसलीय, न्या. डॉक्टर घेऊन आले. मूळची लाल, पण आता विटकरी झालेली, चारही चाकांत हवा नाही, सीटमध्ये उंदरांनी बाळंतपणं केलेली. ट्रॉलीतून उतरवायला मातीचा उतार करावा लागला. ती इतकी बुटकी होती की गल्लीतल्या बायका तिचं टप हातानं पुसू शकत होत्या. "ही तर बसूनच राह्यलीय की," असं कुणीतरी म्हणालं आणि तिचं नाव बसकी पडलं. कंपनीचं नाव आमच्याकडे कुणाला उच्चारता येत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली.

मला वाटलं, आठ दिवसांची गंमत आहे. भंगारवाला येईल आणि नेईल.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायच्या आधी डॉक्टर गाडीपाशी आले, आणि आधी त्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. काम झाल्यावर सगळेच धुतात. हे आधी धुवायचे. मी भिंतीवरून विचारलं, "डॉक्टर, घाण व्हायच्या आधीच?"

"सवय हाय सर," ते म्हणाले. "आपली घाण तिच्या पोटात जाऊ नये."

ही त्यांची पद्धत. गाडी खालून बघायची तर ती जमिनीला इतकी टेकलेली की नेहमीचा जॅक खाली जाईना. त्यांनी लोखंडी पाइपांचा एक सांगाडा स्वतः वेल्डिंग करून घेतला, दोन्ही बाजूंना फळ्यांचे उतार केले आणि त्याला ते खोडा म्हणायचे, दवाखान्यात इंजेक्शन देताना बैलाला उभं करतात तो खोडा. दवाखान्यातल्यासारखा त्यांनी तिचा केस पेपरही केला होता. मी तो एकदा वाचला आहे. जनावराचे नाव: बसकी. जात: परदेशी. वय: दात दिसत नाहीत. तक्रार: सकाळी उठत नाही, उठल्यास थरथरते, डाव्या बाजूस जुलाब. जुलाब म्हणजे ऑइल गळत होतं. त्याखाली तारखेवार उपचार. एका ठिकाणी फक्त 'आज काही केले नाही, जवळ बसलो' असं लिहिलं होतं.

कुठलाही पार्ट मिळायचा नाही. मग ते तो करायचे. विहिरीच्या मोटरला लावतात त्या जाड कागदाचा तुकडा इंजिनाच्या तोंडावर धरून कडेकडेनं हातोडीनं अलगद ठोकत राहायचे. तासाभरानं कागदावर बरोब्बर त्या आकाराचं गॅस्केट उमटून सुटायचं. रविवारची आख्खी दुपार एका गॅस्केटला. मी एकदा म्हटलं, एवढा वेळ? तर म्हणाले, "जल्दी करायची आस्ती तर कोंबड्याचा डॉक्टर झालो आस्तो, सर."

आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य. गाईबद्दल, बैलाबद्दल, गाडीबद्दल, एकदा तर मुक्याच राहणाऱ्या आमच्या मावशीबद्दलही: "तिला बोलता येत न्हाई. म्हणून तर आपण ऐकायचं." हे म्हणताना ते स्टेथोस्कोप कानाला लावायचे आणि इंजिनाच्या अंगावर जागोजाग टेकवत जायचे. लोक हसायचे. मीही हसायचो, पण मला हसू येत नव्हतं.

आता माझी बाजू सांगतो. त्याच वर्षी मी नवी गाडी घेतली. पांढरी, उंच, आत गार हवा. पहिल्या दिवशी गल्लीनं पेढे खाल्ले आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या गाडीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. सगळे भिंतीपलीकडे. माझी गाडी सर्व्हिसिंगला जालन्याला जायची. तिथं मला काचेपलीकडे बसवत, कॉफी देत, आणि माझ्या गाडीचं पोट कुणीतरी परका मुलगा उघडायचा. मी स्वतः तिचं बॉनेट एकदाच उघडलं होतं, ते पूजेला. हळदीकुंकू कुठं लावायचं हे न कळून मी ते बॅटरीला लावलं.

तरीही नुसत्या गाडीसाठी मी नऊ वर्षं जळलो नसतो. मी एवढा हलका माणूस नाही. नाना पलीकडे गेले, म्हणून मी जळलो.

नाना म्हणजे माझे वडील. मळ्यातल्या विहिरीवर आमचं डिझेलचं इंजिन होतं. घरात जेवताना ते मध्येच घास थांबवायचे आणि म्हणायचे, "पाणी तुटलं." अर्ध्या मैलावरच्या इंजिनाचा आवाज बदललेला त्यांना कळायचा. मी एकदा त्या इंजिनाचं हँडल उचललं तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तुझे हात पुस्तकाला लागू दे," म्हणाले. मी पुस्तकाला लागलो, नोकरीला लागलो. विजेची मोटर आली, इंजिन भंगारात गेलं, आणि आई गेल्यावर मी नानांना गावातल्या नव्या घरात आणलं तेव्हा ते जवळजवळ बोलायचे थांबले होते. ऐकू कमी येतं म्हणून मी त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. ते कपाटात आहे. मी शाळेतून आल्यावर त्यांच्यापाशी बसायचो, "नाना, कसं वाटतंय?" विचारायचो. ते म्हणायचे, "हं." आमचं संभाषण वर्षानुवर्षं एवढंच.

बसकी आल्यावर आठ महिन्यांनी एका सकाळी ती पहिल्यांदा चालू झाली. खोकली, थांबली, पुन्हा खोकली, मग धूर सोडत धडधडू लागली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आणि आमच्या ओट्यावरून नानांचा आवाज आला, मी पाच-सहा वर्षांत ऐकला नव्हता एवढा मोठा:

"खरात! एक बाजू उपाशी हाय!"

डॉक्टर भिंतीपाशी आले. "कोनती, नाना?"

"ते मला काय म्हाईत. पण एक खातीय आन् एक नुसती बघतीय."

त्या गाडीला दोन कार्बोरेटर होते. डॉक्टरांनी उघडून बघितलं, तर एकाच्या आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. त्या दिवसापासून नाना सकाळचा चहा आमच्याकडे आणि दुसरा चहा तिकडे घ्यायला लागले. मग पहिलाही तिकडे. डॉक्टर गाडीखाली आडवे, नाना बाजेवर बसलेले. खालून लांब हात बाहेर यायचा आणि नाना त्यावर पाना ठेवायचे. कोणता, हे डॉक्टर सांगत नसत. नाना बरोबर तोच ठेवायचे. आणि दोघं बोलायचे! नाना विहिरीच्या, इंजिनाच्या, आईच्याही गोष्टी सांगायचे. आई पहिल्यांदा इंजिन चालू झाल्यावर घाबरून ज्वारीत लपली होती, हे मला माझ्या पन्नाशीजवळ भिंतीवरून ऐकून कळलं. मी तिथंच उभा होतो. मला कुणी या म्हटलं नाही असं नाही. डॉक्टर रोज म्हणायचे, "या की सर." पण ज्याचा बाप पळवलाय त्याला चहाला बोलावणं, हे मला तेव्हा फार लागायचं.

मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. एका रविवारी नाना ओट्यावर असताना मी मुद्दाम माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. हॉर्न जरा बसका वाजत होता. विज्ञानाचा शिक्षक आहे, विद्युत परिपथ मी वर्षाला चार तुकड्यांना शिकवतो. एक वायर काढली, दुसऱ्या जागी लावली, आणि हॉर्न वाजायला लागला तो थांबेना. दोन्ही बाजूंची माणसं दारात आली. कुत्री पळाली. मी घामाघूम होऊन वायरी ओढतोय आणि नाना कानावर हात न ठेवता शांतपणे म्हणतात, "अशोक, तू राहू दे. खरातला हाक मार."

डॉक्टर आले. हात धुतले. हॉर्न वाजतोय, आणि हा माणूस हात धुतोय! मग एक वायर काढली आणि गावात शांतता झाली. वर नानांना म्हणाले, "सरांनी बराबर जागीच हात घातला व्हता नाना, फक्त एक घर चुकलं." ते नसते म्हणाले तर बरं झालं असतं. त्यांनी मला हसायला हवं होतं. मग मला त्यांचा मोकळेपणानं राग करता आला असता.

आता जे सांगायचं आहे ते पोळ्याचं. खरं तर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' असं बैलांना निमंत्रण द्यायचं. आमच्या गल्लीत आता बैल उरलेले दोन-तीनच. डॉक्टरांनी मात्र बसकीची खांदेमळणी सुरू केली होती. दर वर्षी त्या दिवशी पुढची चाकं उतरवायची, बेअरिंग धुवायचं, नवं ग्रीस भरायचं. "वझं तिथंच येतं ना," ते म्हणायचे. मी सांगतोय त्या वर्षी, म्हणजे ती आल्याच्या सातव्या वर्षी, बसकी बऱ्यापैकी धावू लागली होती, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत होती. त्यांनी ग्रीस भरलं, चाकं लावायची बाकी होती, तेवढ्यात कुणाच्या तरी बैलाचं पोट फुगल्याचा निरोप आला. ते मोटारसायकलवर बसता बसता म्हणाले, "नाना, चाकं ऱ्हाऊ द्या. मी सकाळी लावतो."

मी भिंतीपाशी होतो. नेहमीप्रमाणे.

नाना थोडा वेळ बाजेवर बसून राहिले. मग उठून आमच्या घरात आले आणि माझ्या बायकोकडून वाटीत लोणी आणि हळद घेऊन गेले. तिला वाटलं कुणाच्या बैलांसाठी असेल. नाना उतरवलेल्या चाकाच्या जागी उकिडवे बसले. चाक जिथं बसतं तिथं एक लोखंडी चकती चमकत होती. त्यांना तो खांदा वाटला. वाटणारच, नांगर-जू बघितलेल्या कुठल्याही माणसाला वाटेल. त्यांनी बोटांनी लोणी घेतलं आणि त्या चकतीला सावकाश, गोल गोल चोळलं. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. तोंडानं आवतन देत होते. त्यांचा चेहरा मी इतका मऊ झालेला कधी बघितला नव्हता.

ती ब्रेकची चकती होती.

मला ते दिसलं त्या क्षणी कळलं. आठवीच्या पुस्तकात घर्षणाचा धडा आहे. वंगणानं घर्षण कमी होतं, ब्रेकमध्ये ते कमी होऊन चालत नाही, हे उदाहरण मीच फळ्यावर काढतो. मला फक्त "नाना, तिथं नको" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी म्हणालो नाही. मी मनात म्हणालो, लागू दे. बिघडू दे त्याची गाडी. आणि बिघडली तर नानांच्या हातानंच बिघडू दे, म्हणजे तो लांब हात पुन्हा पाना मागायला बाहेर येणार नाही. मी घरात जाऊन जेवलो. रात्री मला चांगली झोप लागली, हे लिहायला आज लाज वाटते, पण लागली.

सकाळी उठलो तर चाकं लागलेली होती. गल्लीत गर्दी होती. बसकीला झेंडूचा हार, काचेवर गुलाल, आणि आत, डॉक्टरांच्या शेजारच्या सीटवर, नाना. नवं धोतर, फेटा. सीट इतकी खाली की फेटाच तेवढा दिसत होता. बायको म्हणाली, "डॉक्टर नानांना जांबला नेऊन राह्यलेत, समर्थांच्या दर्शनाला. पहिली मोठी फेरी."

जांब समर्थच्या रस्त्यावर पोळ्याच्या दिवशी बैलं, माणसं, उसाचे ट्रॅक्टर. मी बनियनवर होतो तसाच पळत सुटलो आणि गाडीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

"उतरा!" मी ओरडलो. "नाना, उतरा खाली! डॉक्टर, ब्रेकला लोणी आहे! काल नानांनी ब्रेकच्या चकतीला लोणी चोळलंय!"

गल्ली हसत सुटली. ब्रेकला लोणी! कुणीतरी टाळी दिली. मी नानांकडे बघितलं. फेट्याखालचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला जे हवं होतं ते बरोब्बर तसंच घडलं होतं, फक्त ते इतकं वाईट दिसेल याची मला कल्पना नव्हती.

डॉक्टर सावकाश उतरले. हसणाऱ्यांकडे वळून म्हणाले, "हसायला काय झालं? मीच सांगितलं व्हतं नानाला. खांदेमळणी काय बिगर लोण्याची आस्ती का? आवतन दिल्यावर पुसायचं आस्तं, ते मी सकाळी पुसलं. पेट्रोलनं. बिलकुल कोरडं हाय."

हसू थांबलं. दोघं-तिघं मान हलवून म्हणाले, बरोबर आहे. नाना डॉक्टरांकडे बघत होते. डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नाही हे त्या गल्लीत फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. मग डॉक्टर माझ्याजवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला एकट्याला ऐकू येईल असं विचारलं:

"सर, तुम्ही कवा बघितलं?"

मी म्हणालो, "आत्ता. म्हणजे, आत्ता बायको म्हणाली. लोणी दिल्याचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रोग कळलेला आहे पण मालकाला सांगायचा की नाही, अशा वेळी ते गाईकडे असंच बघायचे. "बरं," म्हणाले. दुसरं काही नाही. नानांच्या बाजूच्या खिडकीची काच खाली होती. नानांना ऐकू येत नाही असं आम्ही घरात धरून चालतो.

डॉक्टर पुन्हा गाडीत बसले. गाडी हातभर पुढं गेली आणि थांबली. मागचे दोन्ही लाल दिवे लागले. पुन्हा हातभर पुढं, पुन्हा थांबली. पुन्हा एकदा. तीन वेळा. लोकांना वाटलं बसकी नाचून राह्यलीय, त्यांनी शिट्ट्या मारल्या. मला माहीत होतं ते तीन ब्रेक कुणाला दाखवले ते. मग ती निघून गेली. दुपारी नाना खोबऱ्याचा प्रसाद घेऊन परत आले, सगळ्यांना दिला, मलाही दिला.

पण त्यानंतर नानांनी पान्याला हात लावला नाही. जायचे, बाजेवर बसायचे, हात मांडीखाली दाबून ठेवायचे. गाडीखालून तो लांब हात बाहेर यायचा आणि तसाच रिकामा वाट बघायचा. मग डॉक्टर स्वतः सरपटत बाहेर यायचे, पाना घ्यायचे, पुन्हा आत जायचे. तक्रार नाही. मी भिंतीवरून हे बघायचो. नाना आता घरी जास्त असायचे, माझ्याजवळ. मी विचारायचो, "नाना, कसं वाटतंय?" आता ते "हं"सुद्धा म्हणत नव्हते.

एका सकाळी डॉक्टर आमच्या ओट्यावर आले. पहिल्यांदाच ते भिंतीवरून हाक न मारता चप्पल काढून वर येऊन बसले. "नाना," म्हणाले, "माझ्या कानात खराबी आलीय. दोन्ही कार्बोरेटर बराबर हवा ओढत्यात का, ते ऐकू येईना. डावा-उजवा सारखाच लागतोय. कान तुमचा लागंल."

सपशेल खोटं. आदल्याच दिवशी दवाखान्यात त्यांनी एका शेळीच्या पोटातल्या दुसऱ्या करडाचे ठोके सांगितले होते. पण नाना उठले. डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून नानांच्या कानाला लावला, त्याची पुढची चकती काढून नुसती नळी आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरली, मग दुसऱ्या. नानांनी डोळे मिटले. "हा जास्ती पिऊन राह्यलाय," म्हणाले. डॉक्टरांनी स्क्रू जरासा फिरवला. "आजून." फिरवला. "आता बास. आता दोघं भाऊ झाले."

मी आणलेलं मशीन कपाटात, आणि हे यंत्र नानांच्या कानात. त्या दिवशी मी जेवलो नाही. डॉक्टरांनी माझी चूकही दुरुस्त केली होती, तीही घरच्या घरी, कुणाकडून पार्ट न मागवता. एखाद्यानं किती चांगलं असावं याला काही सुमार? मला त्यांच्यासारखी गाडी नको होती. मला ते सुचायला हवं होतं. नानांना कानाचं दुखणं नाहीच, त्यांना ऐकण्यासारखं काही हवंय, हे त्या माणसाला आठ महिन्यांत कळलं आणि मला अख्ख्या आयुष्यात कळलं नाही, यासाठी मी जळत होतो. अजूनही जळतो, तर ते यासाठीच.

दोन वर्षांनी डॉक्टर निवृत्त झाले. परभणीला मुलीजवळ घर होतं. सामान आणि खरातवहिनी टेम्पोतून पुढं गेल्या. बसकी मात्र ट्रॉलीत घालून न्यायची नाही, आलीय कशीही, जाईल आपल्या पायानं, असं त्यांनी ठरवलं होतं. निघायच्या सकाळी त्यांनी हात धुतले, बॉनेट वर केलं, नानांच्या कानाला नळी लावली आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "सर, या की. आज तिसरा माणूस पायजे. आत बसून जरा अ‍ॅक्सिलरेटर धरा."

नऊ वर्षांत त्या चालवायच्या सीटवर त्यांच्याशिवाय कुणी बसलेलं मी बघितलं नव्हतं. मी भिंतीला वळसा घालून गेलो. इतकी खाली सीट की बसताना आपण पडतोय असंच वाटतं. समोर उघडलेलं बॉनेट, त्यामुळे दोघांचे चेहरे दिसेनात. फटीतून फक्त हात दिसत होते, नानांचे सुरकुतलेले आणि ते लांब सडपातळ. मी आधी ब्रेकवर पाय ठेवून दाबला. कडक होता. मग इंजिन चालू झालं, मी अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबून धरला, आणि एवढ्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, मी नेहमीच्या आवाजात म्हणालो:

"डॉक्टर, मी आदल्या दिवशीच बघितलं होतं. नाना लोणी लावत होते तेव्हा. मी मुद्दाम बोललो नाही."

फटीतले हात थांबले नाहीत. "आजून जरा," नाना म्हणाले. स्क्रू फिरला. मग डॉक्टरांचं डोकं बॉनेटच्या बाजूनं बाहेर आलं. "काय म्हनले, सर?"

"काही नाही म्हटलं."

"मंग पाय हलवू नका," ते म्हणाले आणि पुन्हा आत वाकले.

काम झालं. बॉनेट लागलं. नाना फाट्यापर्यंत सोबत जाणार होते. मी म्हणालो, मी मागून गाडी घेऊन येतो, तुम्हाला परत आणायला. नाना म्हणाले, "कशाला? जीपा हायत की." आणि मी दार उघडून धरायच्या आत ते स्वतःच त्या बुटक्या सीटमध्ये शिरले. डॉक्टरांनी मला नमस्कार केला, मी त्यांना केला.

बसकी त्यांच्या अंगणातून निघाली आणि माझ्या फाटकासमोर आली. मला वाटलं निघालीच. पण ती थांबली. लाल दिवे लागले. हातभर पुढं गेली, पुन्हा थांबली. "आरं, काय करून राह्यला खरात!" आतून नाना ओरडले. ती पुन्हा हातभर पुढं गेली आणि पुन्हा थांबली. डॉक्टरांनी मागं वळून बघितलं नाही. मग गाडी सुटली, बाजारतळाच्या वळणावर वळली आणि दिसेनाशी झाली. मी फाटकात उभा होतो. तिन्ही वेळा दोन्ही दिवे लागले होते.